शेजारी घरकुलं आली तर प्लॉटचं काय होतं?

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलंय: गावाला लागून असलेल्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या, जमिनीवर ३६ घरकुलांची वसाहत करायचा विषय येत्या ग्रामसभेत आहे. त्या जमिनीच्या बांधाला लागूनच त्यांनी दोन वर्षांपूर्वी निवृत्तीनंतरच्या घरासाठी प्लॉट घेतला. शेजारचे म्हणतात भाव पडेल, नळाला पाणी उरणार नाही, वातावरण बिघडेल, चोऱ्या वाढतील. विरोधाच्या अर्जावर सह्या घेणं चालू आहे. 'सही करावी का? आणि प्लॉट आत्ताच विकून मोकळं व्हावं का?'

मास्तर, सही करू नका. प्लॉटही विकू नका. पण ग्रामसभेला मात्र नक्की जा, आणि जाताना गावाचा नकाशा सोबत घ्या. भांडण्यासारखं एक खरं कारण तुमच्याकडे आहे, पण ते त्या अर्जात कोणी लिहिलेलं नाही. ते म्हणजे पावसाचं पाणी. त्यावर येतोच.

माझी बावीस वर्षं पंचायत समित्यांमधून घरकुलांची मोजमापं घेण्यात गेली. लागलो तेव्हा इंदिरा आवास होती, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास आली. सोबत रमाई, शबरी, आदिम, मग ओबीसींसाठी मोदी आवास. पाट्या बदलत गेल्या, घरात फार फरक पडला नाही. पूर्वी २० चौरस मीटर होतं, आता किमान २५, म्हणजे २६९ चौरस फूट.

आधी हे बघा की या ३६ घरांत येणार कोण. शहरात परवडणारी घरं म्हटलं की कुठून कुठून नवे लोक येतात. खेड्यात तसं नसतं. घरकुलाच्या यादीतली नावं तुमच्याच ग्रामसभेत वाचली जातात, २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतली, नाहीतर २०१८ च्या 'आवास प्लस' सर्वेक्षणातली. ही माणसं आजही गावातच आहेत. कोणी भावाच्या घरात पडदा लावून राहतं, कोणी त्याच ई-क्लासवर टिनाच्या झोपडीत. त्यांची पोरं तुमच्याच वर्गात बसतात.

त्यामुळे नळाच्या पाण्याचा हिशेबही लोक सांगतात तेवढा भयंकर नाही. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटरचं. घरटी साडेचार माणसं धरली तर ३६ घरांना दिवसाला ८,९१० लिटर लागतात, आणि यातलं बरंचसं ते लोक आजही गावातूनच भरतात. विहिरीवर नवा बोजा थोडा. खरी गडबड होते ती पाईपाच्या टोकाला. टाकीवरून आलेल्या जुन्या लाईनला शेवटी एक बारीक तुकडा जोडून ३६ नळ दिले, की तुमच्याकडची धार बारीक होते. मग एक जण टिल्लू पंप लावतो, दुसरा लावतो, आणि एप्रिलात कुलर सुरू झाले की भांडण चव्हाट्यावर. कुलर दिवसाला चाळीस-पन्नास लिटर सहज पितो, हे पाणीपुरवठ्याच्या अंदाजपत्रकात विदर्भातसुद्धा कोणी धरत नाही. म्हणून वसाहतीला टाकीपासून वेगळी लाईन आणि वेगळा वॉल्व्ह मागा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. पैसे नाहीत असं उत्तर आलं तर हे विचारा की तो निधी कशावर खर्ची पडला.

'वातावरण' या शब्दाचा अर्थ तुम्हालाही कळतो, मलाही. माझ्या अनुभवात चोरीची भीती यादी लागल्यावर येते, नावं वाचून झाल्यावर. एका गावात असाच मोठा अर्ज तयार झाला होता. पुढे अर्ज लिहिणाऱ्याच्या सख्ख्या पुतण्याचं नाव प्रतीक्षा यादीतून वर आलं, आणि अर्ज आठ दिवसांत हवेत विरला. वातावरण तेच होतं. यापलीकडे या मुद्द्यावर मला काही बोलायचं नाही.

आता पावसाचं पाणी. इथे माझीच चूक सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका गावाच्या कडेला चोवीस प्लॉट पाडायचे होते. जागा बघायला मी एप्रिलात गेलो. काळी माती, पाय अडकेल एवढ्या भेगा, आणि डोळ्याला अगदी सपाट. टेप लावला, चुना टाकला, अर्ध्या दिवसात लेआउट तयार. बाभळीखाली एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. म्हणाला, "सायेब, पोयाच्या टायमाले इथून पानी जाते." मी म्हटलं, "नाली काढू ना बाबा." नाली निघाली नाही. घरकुलाचा पैसा घराचा असतो, नालीचा हेड, म्हणजे खर्चाचं खातं, वेगळा, आणि त्या वर्षी त्या हेडात काही नव्हतं. मी कागद पुढे पाठवून मोकळा झालो.

घरं झाली. प्रत्येकाने शहाणपणाने जोतं दोन फूट उचललं आणि पुढे मुरूम टाकला. मी स्वतःच तसं करायला सांगितलं होतं. पोळ्याच्या आधी तीन दिवस झड लागली. शेतांवरून येणारं पाणी पूर्वी त्या सपाट तुकड्यावर पसरून नाल्याला मिळायचं. आता समोर दोन फुटांचा बांध. पाणी थांबलं आणि मागे वळलं. घरकुलं कोरडी राहिली, आणि मागच्या जुन्या गल्लीत मातीच्या घरांत गुडघाभर पाणी शिरलं. दोन घरांच्या भिंती बसल्या. एका कोठ्यात बैल दबला. लोकांनी शिव्या दिल्या त्या घरकुलवाल्यांना: "हे आले अन् पानी आलं." त्या शिव्या माझ्या होत्या. गावात त्या वस्तीशी रोटीव्यवहार तर सोडाच, वर्षभर कोणी धड बोलत नव्हतं. पुढे नाली झाली, पाणी थांबलं, पण बोलणं सुरू व्हायला त्याहून वेळ लागला.

तेव्हापासून मी कोणतीही जागा पावसात पाहिल्याशिवाय आखत नाही. पावसात जाणं जमलंच नाही, तर गुराख्याला विचारतो. तुमच्या ई-क्लासवरून पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे तुम्ही यंदाच्या एका मोठ्या सरीत छत्री घेऊन स्वतः पाहा, मोबाईलवर फोटो काढा. तुमचा प्लॉट उताराच्या वरच्या बाजूला असेल तर वसाहतीचं मुरूम-भराव झाल्यावर पाणी तुमच्याकडे तुंबणार. खालच्या बाजूला असेल तर ३६ छपरांचं आणि ३६ न्हाण्यांचं पाणी तुमच्या बांधावर येणार. दोन्हींवर उपाय आहे, पण तो प्लॉट पाडायच्या आधी. नंतर फक्त भांडण उरतं.

सांडपाणी जमिनीत जिरवायच्या शोषखड्ड्यावर विसंबू नका, हेही सांगून ठेवतो. कागदावर तो सगळीकडे दाखवलेला असतो. आपली काळी माती पहिल्या पावसात भेगांतून घटाघटा पाणी पिते, मग फुगते, आणि त्यानंतर एक थेंब आत घेत नाही. खड्डा खालच्या मुरुमापर्यंत गेला तर चालतो. मुरूम चार फुटांवर असेल तर छान, दहा फुटांवर असेल तर तो खड्डा म्हणजे डासांचा हौद. अशा ठिकाणी उघडी का होईना, उताराची पक्की नाली हवी, आणि तिचं शेवटचं टोक नकाशावर दिसायला हवं. बहुतेक गावांत नाली सुरू कुठे होते ते सगळ्यांना माहीत असतं, संपते कुठे ते कोणालाच नाही.

गावाच्या आत, जुन्याच जागेवर होणाऱ्या घरकुलांचा शेजाऱ्याला होणारा त्रास याहून जवळचा असतो. जास्तीत जास्त घरकुलं अशीच होतात, म्हणून तुम्ही विचारलं नसलं तरी लिहितो. आपल्या जुन्या गल्ल्यांत दोन घरांमध्ये पुष्कळदा एकच मातीची भिंत असते. दोन्हीकडचे वासे तिच्यावर टेकलेले, वर कवेलू. एकाला घरकुल मंजूर झालं की तो आपल्या बाजूचं घर पाडतो. पन्नास वर्षं छपराखाली असलेली भिंत एका दिवसात उघडी पडते, आणि तिच्या बुडाशी पायाचा चर खणला जातो. काळ्या मातीत पाया मुरुमापर्यंत न्यावाच लागतो, त्यामुळे चरही उथळ नसतो. जुलैत ती भिंत ओल धरते, पोट काढते, आणि बहुधा रात्रीच बसते. शेजारी झोपलेला असतो. त्याला ना घरकुल मिळालेलं असतं, ना भरपाई.

मी लाभार्थ्याला सांगायचो: शेजाऱ्याच्या भिंतीपासून दीड फूट सोड, त्या बाजूचा चर एका दमात खणू नको, चार-चार फुटांचे तुकडे खण आणि भरत जा, उघड्या भिंतीला तेवढे चार महिने जुने टिनपत्रे उभे लाव. होळीनंतर पाडून मृगाच्या आत जोतं पूर्ण होत असेल तर पाड, नाहीतर दिवाळीपर्यंत घराला हात लावू नको. उत्तर ठरलेलं असायचं, "सायेब, जागाच सोळा फूट हाय, दीड फूट सोडू कुठून?" आणि हप्त्याची मुदत, तालुक्याचं उद्दिष्ट, वरून येणारे फोन हे सगळं नेमकं पावसाळ्याच्या तोंडावरच येतं. काहींनी ऐकलं, काहींनी नाही.

त्यात गल्लीत सिमेंट रस्ता झाला की तो जुना थर न काढता वरच चढवतात. दोन वेळा झाला की रस्ता जुन्या घराच्या उंबऱ्याच्या वर. नवं पक्कं घर तग धरतं, शेजारच्या मातीच्या घराचं बूड सडतं. गल्लीतलं शेवटचं मातीचं घर पडतं तेव्हा लोक म्हणतात जुनं झालं होतं. पुष्कळ वेळा ते रस्त्याने पाडलेलं असतं.

वसाहतीत आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. भूमिहीनाला जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आता १ लाखापर्यंत मदत मिळते, ती ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी. सरकारी जागेवरचे प्लॉटही साधारण याच मापाचे पडतात. त्यात २६९ फुटांचं घर आणि संडास बसवा. मग शेळ्या कुठे? पऱ्हाटी-तुराट्यांची गंजी कुठे? वेचलेला कापूस सावकाश विकायचा तर ठेवायचा कुठे? मजुराच्या घरालाही सांदवाडी, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, लागते. ती कागदावर नसली की रस्त्यावर येते. दाराशी शेळ्या, वळणावर गंजी, आणि तुमच्यासारखा माणूस गाडी काढताना म्हणतो, बघा, म्हटलं होतं ना. ३६ प्लॉटांच्या मागे कोठ्यांसाठी आणि सरपणासाठी सामाईक पट्टा सोडला तर हा निम्मा त्रास जन्मालाच येत नाही. मी दोन ठिकाणी सोडायला लावला. एका ठिकाणी तो आजही आहे, दुसऱ्या ठिकाणी तिथे समाजमंदिर झालं.

पैशाचं सांगतो, कारण अर्धवट घरांची रांग हीसुद्धा शेजाऱ्याचीच डोकेदुखी. केंद्राच्या योजनेचे १,२०,०००, राज्याने २०२५ मध्ये वाढवून दिलेल्या ५०,००० पैकी बांधकामाचे ३५,०००, शौचालयाचे १२,०००, आणि रोजगार हमीच्या ९० दिवसांचे २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८०. एकूण १,९५,०८०. राज्याचे उरलेले १५,००० छतावरच्या सौर पॅनेलसाठी. शिवाय ५ ब्रास रेती मोफत, वेळेवर मिळाली तर. आमच्या भागात स्लॅबचं घर या पैशात पुरं होत नाही. उरलेलं बचत गटातून, सोसायटीतून, नाहीतर सावकाराकडून येतं. पहिला हप्ता १५,००० चा, त्यात पायाही धड निघत नाही. मग दोन वर्षं सळ्या आकाशाकडे आणि गिट्टी रस्त्यावर. जिथे दहा-बारा जणांनी मिळून विटा, गिट्टी आणि मिस्त्री एकदम ठरवले तिथे घरं वर्षात उभी राहिली. ग्रामसेवक मनावर घेणारा असला तर हे होतं.

वसाहत गावापासून किती लांब, हा प्रश्न तुमच्या बाबतीत सुटलेलाच आहे, ती लागूनच आहे. पण काही गावकरी तोडगा म्हणून 'तिकडं नाल्यापलीकडं टाका' म्हणतील, तेव्हा त्यांना अहमदाबादचं उदाहरण सांगा. तिथे १९८७ मध्ये विडी कामगार महिलांना सोडतीने शहरापासून सुमारे १२ किलोमीटरवर घरं दिली. चौदा वर्षांनी अर्थशास्त्रज्ञांनी पाहिलं, तर सोडत लागलेल्यांपैकी ३४ टक्के कधी राहायलाच गेल्या नव्हत्या आणि ३२ टक्के जाऊन परत आल्या होत्या. घर चांगलं होतं, पण नातलग, शेजार आणि अडीनडीचा हात तुटला. उत्पन्नही वाढलं नव्हतं. आपल्याकडे गाव लहान, म्हणून किलोमीटरचा हिशेब मीटरमध्ये होतो एवढंच. अर्धा किलोमीटर काळ्या मातीचा रस्ता पावसाळ्यात बारा किलोमीटरएवढाच लांब असतो. केळापूर, झरी-जामणीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे पाड्यांवर, आता आदिम जमातींसाठीच्या पीएम-जनमन योजनेतून २ लाखांची घरं होताहेत. ती पोडावरच होताहेत, हे त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं. घर माणसाकडे गेलं पाहिजे. रिकाम्या घरांच्या वसाहतीशेजारी प्लॉट असणं काय असतं ते तुम्हाला अनुभवायचं नाही.

जमिनीचा कागद तपासा. ई-क्लास म्हणजे गावाची चराई. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा म्हटलं, पण भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जागांचा अपवाद त्याच निकालात मोकळा ठेवला. म्हणजे रस्ता आहे, पण तो जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीतूनच जातो. ग्रामसभेच्या ठरावावर कोणी चुना टाकायला लागलं तर थांबवा. नागपूर विभागातल्या वाचकांसाठी वेगळी सूचना: तुमच्याकडे जागा झुडपी जंगलात, म्हणजे महसुली नोंदीतल्या खुरट्या झुडपांच्या जमिनीत, निघू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ मे २०२५ च्या निकालानंतर ती वनजमीन धरली जाते. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी दिलेल्या जागांना त्यात संरक्षण आहे, नव्या वसाहतीला नाही. त्या जागेवर घरकुल मंजूर करून घेणं म्हणजे गरिबाला कोर्टात उभं करणं. ई-क्लास गेली की गुरांचं काय, हा प्रश्न मात्र खराच आहे. तो तुम्ही नाही तर ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांनी विचारावा.

आता भाव. मी दलाल नाही, पण वीसेक वसाहती झालेल्या आणि त्यानंतरच्या पाहिल्यात. पहिलं वर्ष-दोन वर्षं गिऱ्हाईक थबकतं, हे खरं. कोणी कमी भावात मागून जातं. मग वसाहतीसाठी विजेचा खांब येतो, डीपी येते, पाण्याची लाईन येते, वस्ती सुधार योजनेतून सिमेंट रस्ता येतो. हे सगळं तुमच्या प्लॉटसमोरूनच पुढे जाणार. काल शेताच्या कडेला असलेला तुकडा रस्त्यावरचा होतो. ज्या ठिकाणी भाव खरंच बसला, तिथे कारण पाणी साचणं होतं, नाहीतर प्लॉटचाच कागद कच्चा होता. तुमचा अकृषक आदेश आणि नमुना आठ एकदा बघून घ्या. त्यात खोट असेल तर शेजारी बंगले आले तरी भाव येणार नाही.

जाता जाता एक: या घरांचे स्लॅब मे महिन्यात तव्यासारखे तापतात. वसाहतीतले लोक रात्री बाहेर बाजा टाकून झोपतील, बोलतील, पोरं उशिरापर्यंत खेळतील. त्याला गोंगाट समजू नका. ४५ अंशांत २६९ फुटांत झोपून पाहा एकदा. छताला दरवर्षी चुन्याचा पांढरा हात आणि दाराशी टिनाची का होईना एक छपरी, एवढ्याने बराच फरक पडतो. छपरीसाठी प्लॉटच्या पुढे सहा फूट सोडायला लेआउट करतानाच सांगता येतं.

तर ग्रामसभेत एवढंच मागा. लेआउटवर पातळ्या दाखवा, नालीचं तोंड आणि शेवट दोन्ही दाखवा, आणि नालीचा निधी कुठल्या हेडातून येणार ते ठरावात लिहा. पाण्याची लाईन वेगळी. मागे कोठ्यांचा पट्टा. हे मागताना जमलं तर यादीतल्या चार जणांना आधी भेटा, त्यांच्या तोंडून मागणी आली तर तिला वजन येतं, आणि विरोधाच्या अर्जावर सह्या केलेल्यांतलेही दोन-चार तुमच्याकडे वळतील. वसाहतीच्या जोत्याची पातळी ठरेपर्यंत तुमच्या प्लॉटवर मुरूम टाकू नका. ठरली की त्यांच्यापेक्षा वर जायचा मोह आवरा, त्यांच्याच पातळीला या. पाणी मग नालीला जाईल.